माझ्या मायची राखण

माय, आपण जिंकलो! तू जाऊन दहा वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुलाच सांगायची होती. तुझी काठी आता काकूकडे आहे. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडली की काकू तुझ्यासारखीच काठी रोवून बसते, आणि रोवलेली काठी दिसली की आजही येणारा-जाणारा खळ्याला वळसा घालून जातो. यंदा मात्र शहरातला एक सिक्युरिटीवाला गावात आला. सांगत सुटला, नवा कायदा आलाय, बिनपरवान्याची राखण ठेवाल तर गुन्हा दाखल होईल, माझे गार्ड घ्या. शेतकरी घाबरले. काकूला म्हणाले, उद्यापासून येऊ नको. ती माझ्या दारात येऊन बसली. "बाई, ह्या वयात परवाना कुठून आणू? अन् खाऊ काय?"

तुला माहीत नाही, मी आता आपल्या हट्टा गावातून रोज वसमतला जाते, वकिलाकडे टायपिंग करते. साहेबांकडून तो कायदा मागून घेतला आणि दोन दिवस नुसता वाचला. परवाना लागतो तो दुसऱ्यांना पहारेकरी पुरवायचा धंदा करणाऱ्याला. ज्यानं आपल्या शेतावर आपला माणूस आपणच ठेवला, त्याला त्यातून सूट आहे. मग काय! काकूला आणि शेतकऱ्यांना घेऊन मी थेट ठाण्यात. फौजदारांनी सिक्युरिटीवाल्याला बोलावून घेतलं, कागद शेवटपर्यंत वाचला आणि त्यालाच विचारलं, "तुमचा परवाना दाखवा."

"अर्ज करून राहिलो साहेब," तो म्हणाला. काकू पदरात तोंड घालून हसली. तो चिडला. "ह्या बायांचा काय भरवसा? आपल्याच लेकराबाळांना माल खाऊ घालतात!"

माझं डोकंच फिरलं. "माझ्या मायनं वीस वर्षं ह्याच शिवाराची राखण केली. हरभऱ्याचा एक घाटा गेला न्हाई!"

"व्हय साहेब, बराबर हाय," म्हातारे शेतकरी म्हणाले. फौजदारांनी हात जोडले, "जा आजी, बसा खळ्यावर." बाहेर येऊन काकूनं त्याच शेतकऱ्यांना सगळ्यांसाठी चहा मागवायला लावला.

चहा पिताना मला ती दुपार आठवली. मी तिसरीत आहे, मुठीत कोवळे घाटे, आणि समोर तू. "राखणवालीचं लेकरू तू, काहून हात लावला?" दंडाला धरून तू मला मालकाच्या दारात नेतेस. मालक हसतो, "खाऊ दे की लेकराला." तू ऐकत नाहीस. घाटे त्याच्या ओसरीवर ठेवायला लावतेस. वाटेत विचारतेस, "समदे दिले ना?" मी म्हणते, व्हय. तेव्हा कुठे तू माझ्या डोक्यावरून हात फिरवतेस.

माय, समदे दिले नव्हते. अर्धे फ्रॉकच्या खिशात होते. गोठ्यामागे बसून खाल्ले, लई गोड होते. तुझ्या वीस वर्षांच्या राखणीत चोर एकच निघाला, आणि आज तोच फौजदारापुढे तुझ्या नावानं छाती काढून बोलला. हे पत्र काकूला वाचून दाखवायचं कबूल केलं होतं. आता कसं दाखवू?