शितलच्या हळदीतला माझा उजवा हात

चि. जालिंदर यास,

कवठे येमाईहून मालनआक्काचा आशीर्वाद. तुझा गुडघा, भावजयीची शुगर आन् तुम्हा सगळ्यांच्या हातातले मोबाईल ठीक असतील, असं धरून चालते. इकडं आम्ही बरे हाय. (माझा उजवा हात सोडून. कोरेगाव भीमाला त्या आंधळ्या ड्रायव्हरनं पिकअप मागं घेताना मला शेवंतीच्या क्रेटसकट दाबलं, तवापासून तो खांद्याच्या वर जात न्हाई. तुला ठाऊक हाय, पण तुमच्या घरात पुन्हापुन्हा सांगावं लागतं.)

क्लेम कोर्टानं भरपाई दिली, म्हणून विमा कंपनी अपिलात हायकोर्टात गेली. तिथं तिनं नवा पुरावा काय काढावा? तुझ्या शितलची हळद! दौंडात तुझ्या दारात मी नाचतेय आन् उजवा हात थेट मांडवाला. तुझ्या हृतिकनं हौसेनं नेटवर टाकलेला व्हिडिओ. आता हात वर गेला कसा? लाडात आलेल्या शितलनं मनगट धरून ओढला. मी किंचाळले, ते डीजेत कुणाला ऐकू गेलं न्हाई. तुला वाटलं आक्का रंगात आली. तू शिट्टी मारलीस. कंपनीनं व्हिडिओतनं शितलला कापलं, माझा हात तेवढा ठेवला. त्यांचा वकील तर असा छाती काढून उभा, जसा दरोडेखोरच धरून आणलाय. मला मात्र भरल्या कोर्टात मान वर करवेना.

जजसाहेबांनी व्हिडिओ बघितलाच न्हाई. एवढंच विचारलं, "हळद खालच्या निकालाच्या आधीची. व्हिडिओ तेव्हापासून सगळ्या जगाला दिसतोय. मग तेव्हाच का नाही आणला?"

छातीवाला म्हणे, आमच्या लक्षात आलं न्हाई. तेव्हा साहेबांनी सुनावलं, की खाली झोपा काढायच्या आन् अपिलात जाग आली म्हणून पुरावा आणायचा, हे चालत न्हाई. शोधूनही मिळाला नसता, तर गोष्ट वेगळी. इथं आपल्या मारुतराव वकिलांनी गप बसावं की न्हाई? पण त्यांना चेव आला. आमच्याकडं अख्खा व्हिडिओ हाय, त्यात ओढणारी भाची दिसते, तो तरी घ्या म्हणाले. जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आन् तोच नियम त्यांनाही ऐकवला. (हातात आलेला निकाल हा माणूस घालवून बसला असता.)

अपील फेटाळलं, भरपाई कायम. मी जिंकले, पण खरं काय ते कुणी बघितलंच न्हाई. तुमच्या रेल्वे कॉलनीत म्हणतात, आक्कानं कंपनीला बरं गंडवलं. त्यावर तूही हसलास म्हणे. तवा तुझ्या दारात मी पुन्हा पाय ठेवायची न्हाई.

तुझी (अजून तरी) थोरली बहीण,
मालन

ता.क. हृतिकला म्हणावं, तो व्हिडिओ नेटवरनं काढून टाकू नको. हात सोडला तर मी त्यात बरी दिसते.

आणखी ता.क. हृतिकचं लग्न ठरल्याचं तुमच्या कॉलनीतल्या पुतळाबाईकडून कळलं. (तुझ्याकडून न्हाई.) हळदीला शिरूर स्टँडवर गाडी पाठव. नाचताना माझ्या उजव्या अंगाला तू उभं राहायचं, दुसरं कुणी न्हाई.