पुरवून वापर

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा जहाजावर! जन्म गेला अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या गुडघाभर पाण्याशेजारी, आणि हा तौहीद निघाला अरबी समुद्रावर खलाशी म्हणून. ही वही बहिणीने, हीनाने दिली. रोज लिही म्हणाली. जहाजाचा स्वयंपाकी आमच्या अकोल्याजवळच्या पातूरचा निघाला, अय्युबचाचा! जीव भांड्यात पडला. मी नळ चालू ठेवून दात घासत होतो, तर चाचांनी माझं मनगट धरून नळ बंद करायला लावला. आपल्याकडं पानी आठ दिसानं येते, इसरला का, पुरवून वापर, म्हणाले.

९ फेब्रुवारी
जहाज सोडण्याची कवायत झाली. कप्तानाने पिवळं बीकन दाखवलं. चालू केलं की दिवा लुकलुकतो, सिग्नल उपग्रहाकडे जातो आणि विमान त्याच्या मागावर येतं. बॅटरी दोन दिवस तरी टिकते. सुटका होईपर्यंत बंद करायचं नाही, हे त्याने तीनदा बजावलं. चाचा तेवढ्यात भटारखान्यातले दिवे मालवायला गेले होते.

१३ फेब्रुवारी
इंजिनाला आग लागली. जहाज बुडालं. बाकीच्यांचा तराफा दिसेनासा झाला. आमच्या तराफ्यात मी, भाजलेले चाचा आणि बीकन. चालू केलंय.

१४ फेब्रुवारी
डोळा लागला होता. उठलो तर दिवा बंद! चाचांनीच केला. आठ दिस न्यायचं तर थोडं थोडं लावा लागते, म्हणे. मी खेकसलो त्यांच्यावर, पुन्हा चालू केलं. दुपारी चाचा गेले. कलमा पढलो, तोंडावर चादर ओढली. पातूरला नेईन असा शब्द दिला होता, म्हणून समुद्रात सोडलं नाही. उगाच खेकसलो.

१५ फेब्रुवारी, सकाळ
दिवा बंद. मी हात लावला नव्हता. चादर सरकलेली. वाऱ्याने असेल. पुन्हा चालू केलं.

दुपार
बीकन मनगटाला बांधलं. तरी डुलकी लागली — मनगटावर गार बोटं — दिवा बंद. विमानाचा आवाज आला होता. वळलं. लांब गेलं. मला फार भीती वाटते. तराफ्यावरच्या तंबूतून बाहेर पडायची चेन त्यांच्या पाठीमागे आहे. ढकलायला गेलो, हलत नाहीत —

संध्याकाळ
दिवा चालू. विमान परत येतंय, जवळ —
चाचा उठून बसलेत. हात बीकनकडे नाही — माझ्या नाकातोंडाकडे — म्हणतात, येवढा दम काहून घेते, पुरवून —