अक्षता निघालेल्या ईशापूर रायफलीवरील बंदीबाबत

प्रति,
मा. श्री. प्रताप नाईकनवरे,
मुख्य सुरक्षा अधिकारी, ज्युनियर विभाग,
सीडर हॉलो रायफल क्लब,
बॉथेल, वॉशिंग्टन.

अर्जदार : कु. नीलांबरी संजय वाकणकर, इयत्ता अकरावी.

विषय : रायफलीच्या नळीत अक्षता सापडल्यामुळे माझ्यावर आलेली बंदी दि. २५ च्या जुन्या रायफलींच्या स्पर्धेआधी उठवण्याबाबत.

संदर्भ : दि. ४ ऑक्टोबर रोजी फायरिंग लाइनवर आपण सर्वांसमोर दिलेला तोंडी आदेश.

महोदय,

आपण स्वतः माझ्या वयाचे असताना कधी टार्गेट सोडून भलतीकडेच गोळी मारली होती का? हा प्रश्न अर्जाच्या पहिल्याच ओळीत विचारायची माझी हिंमत होणार नाही, असं माझ्या मैत्रिणी सावनी आणि इला यांचं म्हणणं होतं. हिंमत झालेली आहे. उत्तर देण्याची सक्ती नाही. आता मूळ विषयाकडे वळते.

१. अर्ज मराठीतच हवा, हा आपलाच आदेश. "इंग्रजीत तू वकिली करतेस, नील. मराठीत लिही, म्हणजे काय झालं तेवढंच लिहिशील," असं आपण म्हणाला होतात. त्याप्रमाणे काय झालं ते लिहीत आहे. 'सदर' आणि 'उपरोक्त' हे शब्द बाबांकडून घेतले आहेत. बाकी सगळं माझं.

२. सदर रायफल बाबांची आहे, हे आपण जाणताच. साठ वर्षांपूर्वी ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, ७.६२ मापाच्या काडतुसाची, लाकडावर जुने ओरखडे असलेली. टेक्सासमधल्या एका दुकानात ती पाहिल्यावर बाबा म्हणाले, "ही आपल्याकडची आहे," आणि आईला न विचारता त्यांनी ती घेतली. आईने दोन आठवडे तिला 'तुमची दुसरी' म्हटलं. मग खंडेनवमी आली आणि आईचं मन एकदम पालटलं. तिच्या माहेरी पूजेला नुसता अडकित्ता आणि विळी असायची. या वेळी खरं शस्त्र घरात होतं.

३. पूजा आईने मनापासून केली. रायफल पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले, आणि अक्षता टाकताना रायफलीचं तोंड तिच्याच दिशेला असल्याने त्यातल्या काही थेट नळीत गेल्या. वर निरांजनाच्या तुपाचा हात बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याला, लागला. मी तिथेच उभी होते आणि फोटो काढत होते. पूजा झाल्यावर बाबांनी रायफल कुलपात ठेवली आणि आम्ही श्रीखंड खाल्लं. नळीत पाहायचं कुणालाच सुचलं नाही.

४. त्यानंतरच्या शनिवारी आपण नेहमीप्रमाणे बोल्ट काढायला लावून नळीत टॉर्च मारलात. मग नळी तिरकी करून हलवलीत आणि आपल्या तळहातावर पिवळे तांदूळ पडले. आपण विचारलंत, "हे काय, मसालेभात?" शेजारच्या लेनमधला वेदांत इतका हसला की त्याला लाइनवरून मागे पाठवावं लागलं. मी मात्र हसले नाही, कारण त्याच वाक्याच्या पुढे आपण म्हणालात, "पुढचा आदेश होईपर्यंत ही रायफल नाही आणि तूही नाही." कारची काच वर करून मी घरापर्यंत एक शब्द बोलले नाही, जे बाबांच्या मते ऐतिहासिक आहे.

५. नळीत अडथळा असताना गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते, आणि हात, डोळे, शेजारची लेन यांपैकी काहीही जाऊ शकतं, हे मला आता नीट कळलं आहे. तूपसुद्धा निरुपद्रवी नाही. काडतूस जिथे बसतं ती जागा तेलकट राहिली, तर सगळा धक्का बोल्टवर येतो. आपला आदेश योग्य होता. पहिले तीन दिवस मला तो अन्याय वाटत होता, हेही नोंदवते.

६. आपण बंदी उठवण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध करायला सांगितल्या होत्या : नळी साफ, नेम लावलेला, काडतुसं योग्य. पैकी नळी मी स्वतः गज घालून साफ केली आहे. कापड पांढरं बाहेर येईपर्यंत केली. नेम धरायच्या पुढच्या साइटवर, जिला आपण माशी म्हणता, तिच्यावर आईने लावलेलं कुंकू मात्र मी तसंच ठेवलं आहे, कारण काळ्या टार्गेटवर ते फार छान दिसतं. याला आपली हरकत असल्यास पुसते, पण आधी एकदा तिथून बघा.

७. नेमाबाबत. सप्टेंबरमध्ये आमच्या गोळ्या डावीकडे लागत होत्या, तेव्हा बाबांनी माशी उजवीकडे सरकवली आणि गोळ्या कागदाच्याच बाहेर गेल्या. गोळी जिकडे चुकते तिकडेच माशी सरकवायची, हे बाबांना अजून पटलेलं नाही. त्यांनी नॅपकिनवर आकृती काढून ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला आणि शेवटी नॅपकिन खिशात घातला. शिवाय मागची साइट दोनशे मीटरच्या खाली उतरतच नाही, त्यामुळे शंभर यार्डांवर गोळी वर लागायची. सप्टेंबरअखेर आपण दिलेली उंच माशी डावीकडे सरकवून बसवल्यावर ती खाली आणि मधोमध आली. शेवटच्या पाच गोळ्यांची भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. तो कागद आईने फ्रीजवर लावला आहे, माझ्या रिपोर्ट कार्डच्या वर.

८. राहिली काडतुसं. इथपर्यंत अर्ज मी एका दमात लिहिला होता आणि या परिच्छेदात 'काडतुसं योग्यच आहेत' एवढंच लिहायचं होतं. पुरावा म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सोबत जोडाव्यात म्हणून मी गराजमधून पिशवी आणली आणि टेबलावर ओतली.

९. इथे आमच्या घरातली एक पद्धत सांगणं भाग आहे. आमच्याकडे कोणतीही वस्तू मूळ खोक्यात राहत नाही. रव्याच्या डब्यात स्क्रू असतात आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. काडतुसांची पुठ्ठ्याची खोकी फाटली म्हणून आईने सगळी काडतुसं दह्याच्या मोठ्या डब्यात काढली, वर 'बंदूक' अशी पट्टी चिकटवली आणि खोकी रीसायकलिंगला दिली. आपण लाइनवर विचारलंत तेव्हा बाबांनी तो डबा दाखवून "सेव्हन सिक्स टू" असं ठामपणे सांगितलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

१०. पुंगळ्यांच्या बुडावर मात्र '३०८' असं कोरलेलं आहे. हे शिकारीचं काडतूस. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी वाटतात, पण लष्करी रायफलीत काडतुसासाठी जागा थोडी सैल ठेवलेली असते आणि शिकारीच्या काडतुसाचं पितळ पातळ असतं, असं मी वाचलं. मग एकेक पुंगळी खिडकीशी धरून पाहिली. बऱ्याच पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडं आहे. वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवली तर तिथेच ती अडकते. म्हणजे पितळ तिथे ताणलं गेलं आहे. अजून काही वेळा असंच झालं असतं, तर एखादी पुंगळी तिथून तुटली असती आणि गरम वायू माझ्या तोंडावर आला असता. त्या पाच सुंदर गोळ्यांच्या पुंगळ्याही यातच आहेत.

११. यात काडतुसांचा दोष किती आणि साठ वर्षं झिजलेल्या रायफलीचा किती, हे मला सांगता येत नाही. ते बंदुका दुरुस्त करणारा गनस्मिथ मापं घालूनच सांगू शकतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "नोव्हेंबरच्या आधी जमणार नाही, हनी." सबब २५ तारखेपूर्वी हे होत नाही.

१२. अर्ज फाडून नवा लिहायचा विचार आला होता. पण विषय बदलला तरी वरचं सगळं खरंच आहे, म्हणून ठेवते. आता माझी विनंती पुढीलप्रमाणे : माझ्यावरची बंदी उठवावी आणि रायफलीवरची उठवू नये. गनस्मिथचा लेखी अहवाल आल्यावर, ७.६२ असं छापलेली नवीन, कारखान्यातली काडतुसं त्यांच्या मूळ खोक्यातच घेऊन मी हजर होईन. गन शोमधून बाबांनी आणलेला जुन्या लष्करी काडतुसांचा गंजका डबा वापरणार नाही. तो कुठे कसा पडून होता कुणास ठाऊक, आणि असल्या जुन्या काडतुसांनी नळीला आतून गंज चढतो. काडतूस बदललं की गोळीही दुसरीकडे लागते, त्यामुळे नेम पुन्हा पहिल्यापासून लावावा लागेल. लावू.

सोबत :
१) कडं पडलेल्या पुंगळ्या, पिशवीत.
२) पेपरक्लिप. आपणही फिरवून पाहावी.
३) साफ केलेल्या नळीचा फोटो, दोन्ही बाजूंनी.

गोळीबार थांबवायच्या आपल्या शिट्टीला यापुढे पहिल्याच वेळी थांबणारी,
नीलांबरी संजय वाकणकर
बॉथेल, दि. १२ ऑक्टोबर २०२५

पालकांच्या सहीसाठी जागा :

आई, बाबा, सही करायच्या आधी तुम्ही हे वाचणारच, म्हणून इथेच सांगते. २५ तारखेच्या स्पर्धेतून मी नाव काढून घेतलं आहे. मघाशीच ईमेल केला. क्लबची दुसरी रायफल मागून घे, असं बाबा म्हणतील, मागणार नाही. मला ईशापूरनेच उतरायचं होतं आणि ती आत्ता उतरू शकत नाही. तिला विकायचंही नाही. बाबा, परवापासून तुम्ही 'जाऊ दे, विकून टाकू' म्हणताय ते बंद करा. गनस्मिथकडे तिघं जाऊ, आणि तो नापास म्हणाला तर नापास. सावनी आणि इला मॅच बघायला येणार होत्या, त्यांना मी सांगेन. मी रडलेली नाहीये. सही दोघांचीही लागते. पेन मायक्रोवेव्हवर आहे.