ओंडका पालटून बघताना

बाबा, शेजारची मुलगी परवा घरी आली होती. नुकतीच बी.ए. झाली आहे. पुढच्या आठवड्यात तिची मुलाखत आहे, आणि मी जन्मभर नोकरी केली म्हणजे ती कशी मिळवायची हे मला ठाऊक असणार, अशी तिच्या आईची समजूत. "काका, कॉलेजात शिकवत नाहीत असं काय लागतं हो नोकरीला?" तिनं विचारलं. मी चहा निवेपर्यंत तुमच्याबद्दलच बोलत राहिलो.

तिला मी पहिल्या मुलाखतीपासून सांगितलं. पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होतं. तुम्ही आलापल्लीच्या सागवान डेपोत नाकेदार, शिक्षण चौथीपर्यंत. मी नागपूरहून बी.ए. होऊन आलेलो, कडक इस्त्रीचा सदरा घालून मिरवणारा. चांद्याच्या एका लाकूड व्यापाऱ्याकडे कारकून हवा होता. त्यांनी मला आवारातले ओंडके दाखवले आणि म्हणाले, बघून अहवाल लिहा. मी इंग्रजीत दीड पान लिहिलं. अरण्याचं वैभव, मानवाची प्रगती, सगळं होतं त्यात. ओंडके किती, हे तेवढं लिहायचं राहून गेलं. ही मुलगी इतकी हसली की मलाही हसू आवरेना. तेव्हा मात्र मी तीन दिवस घरात तोंड लपवून बसलो होतो.

तुम्ही रागावला नाहीत. चौथ्या दिवशी चुलीपुढे बसून भात उपसताना म्हणालात, "उद्यापासून माह्यासंगं डेपोत ये. बसून राह्यलास त डोकं सडन." आई गेल्यापासून स्वयंपाक तुम्हीच करत होतात, आणि महत्त्वाचं सगळं तुम्ही चुलीपुढेच बोलायचात.

डेपोत मी उभा आहे, हातात टेप आणि वही. बूट चिखलात रुतलेले. ओंडक्याची गोलाई मोजायची, मोठ्यानं सांगायची, टेप धरणाऱ्या मजुरानं तो आकडा परत म्हणायचा, मगच वहीत लिहायचा, अशी तुमची पद्धत. मला ती वेळखाऊ वाटते. एक जाड ओंडका दिसतो, वरून सरळ, गुळगुळीत. मी 'उत्तम' लिहून पुढे सरकतो. तुम्ही वही घेता आणि सगळ्या मजुरांसमोर त्यावर काट मारता.

"पालटव."

"काऊन? वरून चांगला तर दिसतो."

"वरून त तूबी बी.ए. हायेस."

मजूर खो खो हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चिडून मी मजुरांवर ओरडलो, "पलटवा रे!" एकही जण उठला नाही. तुम्ही मला बाजूला नेलंत. "त्याहीले आधी जोहार कर. मंग इचार, दादा, हा कसा वाटते तुमाले. त्याहीनं हा जंगलातून इथवर आणला, तू त आत्ता पाह्यला." मी तोंड वाकडं करून जोहार केला. पांढऱ्या केसांच्या एका गोंड मजुरानं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ओंडका ठोकला, कान लावला आणि मान हलवली. चौघांनी मिळून तो पालटला. खालची बाजू कुजून पोकळ झालेली होती. माझा हात कोपरापर्यंत आत गेला.

चार महिने मी तुमच्याबरोबर डेपोत आलो. त्या पांढऱ्या केसांच्या दादांकडून कामापुरतं गोंडी शिकलो. आकडे असे लिहायला शिकलो की दुसऱ्यालाही वाचता यावेत. सगळ्यात जड गेलं ते 'मले माहीत नाई' म्हणणं. "तेवढं जमलं का बाकीचं जमते," तुम्ही म्हणायचात. खरं सांगतो, ते चार महिने मी सुखात होतो, फक्त तसं कबूल करायची माझी तयारी नव्हती.

मग वडशाला स्टेशनजवळच्या डेपोतली मुलाखत आली. आम्ही तिघं पदवीधर. मॅनेजरनं एका ओंडक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, सांगा, घ्यावा का? पहिल्या दोघांनी टेप लावला आणि भराभर उत्तरं दिली. मी म्हणालो, "आत्ताच नाही सांगता येणार." मजुरांना जोहार केला, गोंडीत त्यांचं मत विचारलं, त्यांच्याबरोबर स्वतः खांदा लावून ओंडका पालटला. खाली सडलेला निघाला. नोकरी मला मिळाली.

घरी आलो तेव्हा तुम्ही अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होतात. सूप खाली ठेवून सगळं पहिल्यापासून विचारलंत. ओंडका किती लांब होता, मजूर कुठले होते, मॅनेजर हसला का. एवढं बोलताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. मग सूप पुन्हा हातात घेऊन, माझ्याकडे न बघता, म्हणालात, "कोनं शिकवलं, असं नाई इचारलं त्यानं?"

"नाही," मी म्हणालो.

"नसतेत इचारत," तुम्ही म्हणालात आणि डाळ पाखडू लागलात. दुसऱ्या दिवशी तुमचा जुना टेप मला दिलात. त्याच्यावरचे आकडे पुसट झालेत, पण तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

परवा त्या मुलीनंही नेमकं तेच विचारलं. "मग काका, तुम्ही मॅनेजरला सांगितलं ना, बाबांनी शिकवलं म्हणून?" मी म्हणालो, "सांगितलं तर!" ती खूश होऊन गेली. पोरगी हुशार आहे, तिला नोकरी मिळेल. मला मात्र तेव्हापासून चैन नाही, म्हणून हे लिहायला बसलो. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच आहे. टेपाशेजारी खणात ठेवीन.

त्या मॅनेजरनं विचारलं होतं, बाबा. मुलाखतीला आलेले ते दोघं कडक सदरेवाले अजून तिथंच उभे होते, आणि मी म्हणालो, "नागपूरला, कॉलेजात."