शेवंताचं नाव नियमात बसलं

भिलाई-३, रविवार

आदरणीय पंजाबराव भाऊ,

जय भीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल. मी जेवतो, झोपतो; तुम्ही विचारालच, म्हणून आधी लिहिलं. आज तीन ओळींत आटोपणार नाही, कारण आपण जिंकलो.

तुमची बहीण शेवंता जाऊन सात महिने झाले, पण तिच्या दुकानातला पैसे आल्याचं सांगणारा डबा मी चालूच ठेवला होता. (बँकेलाही कळवलं नाही. चूक माझी.) शेजारची गुपचुपवाली (आपल्याकडची पाणीपुरी) चंदा आणि पंक्चरवाला बबलू आपल्या गिऱ्हाइकांना तिच्याच क्यूआर कोडवर पैसे टाकायला सांगत, मी संध्याकाळी ज्याचे त्याला देत असे. दिवसभर डबा म्हणे, "शेवंता टेलर्स को बीस रुपये मिले."

मग बँकेने खातं गोठवलं आणि डबा मुका झाला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यांच्या धंद्याचे पैसे गोळा करून वाटणं हा वेगळाच व्यवसाय आहे. "लायसन है क्या?" मी प्लांटचं क्रेन चालवायचं लायसन पुढे केलं. (पस्तीस टनांपर्यंत.) मॅडम इतक्या हसल्या की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी नीट समजावलं: मयताचं खातं चालवता येत नाही, गुपचुपची विक्री शिलाईच्या नावावर चढते, भानगड झाली तर जबाबदार मी. ज्याचा धंदा, त्याचा कोड.

घरी येऊन चंदाला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, आमाले का कोड भेटत नव्हता? थो डबा बाईचं नाव घे, अन् तुमी आयकून बाहीर येऊन बसत होते. म्हून करून राहिलो होतो."

मला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना एकच प्रश्न विचारला: दुकानाचं नाव काय ठेवावं, याला कायदा आहे का? नाही म्हणाल्या. झालं! जुनं खातं वारस म्हणून मिटवलं. नवीन खातं माझं, दुकान 'शेवंता टेलर्स'. चंदाने 'शेवंता गुपचुप' केलं, बबलूने 'शेवंता पंक्चर'. ज्याचे पैसे त्याच्या खात्यात, आणि आता तीन डबे तिचं नाव घेतात.

आपला,
देवीदास

ता.क. मॅडम बुधवारी शिलाई खरंच चालते का ते पाहायला येणार. मला बटणसुद्धा लावता येत नाही. नूतन वहिनींना मशीन चालवता येते, त्यांना चार दिवस पाठवा.

ता.क. दुसरा. सोबत एक बटण आणि कोडचा कागद आहे. बटणाचा एक रुपया टाकावा. (मालाशिवाय पैसे घेणं नियमात बसत नाही.) सकाळी दहानंतर टाका, मी डब्याजवळच असतो.