खिळ्यावरचा उष्टा नान

आई, तुला नि अब्बांना मिर्झोहिदचा सलाम.

मी मजेत आहे. इथे रशियात, ट्यूमेनमध्ये गुडघाभर बर्फ आहे, पण तू विणलेले मोजे ऊब धरतात. अब्बांची कंबर काय म्हणते?

मंगळवारी बांधकामाच्या परांचीवरून पडलो. घाबरू नकोस, खाली वाळू होती. पण आई, मी वाळूत नव्हतोच. मी आपल्या स्वयंपाकघरात उभा होतो. निघताना मी एक घास खाल्लेला नान, जो परत येऊन मीच संपवायचा म्हणून रीतीप्रमाणे तू खिडकीत टांगला होतास, तो तिथे नव्हता, चुलीमागच्या नव्या खिळ्यावर होता. तू गाजरं चिरत होतीस. मला बघून दचकलीसही नाहीस. म्हणालीस, "आलास? हात धू नि तुझा नान संपव बघू." मी हात पुढे केला, तेवढ्यात इथे मुकादमाने थोबाडीत मारून मला शुद्धीवर आणलं.

नान खरंच तिथे हलवलास का? लगेच कळव.

आणि ऐक. पुन्हा मी दारात दिसलो, तर आधी हातात बॅग आहे का बघ. नसेल, तर मी कितीही गयावया केली तरी नान देऊ नकोस. तो मला माझ्या पायांनी घरी येऊन संपवायचाय.

तुझा, अजून इथेच असलेला,
मिर्झोहिद