डॉक्टरीनबाईंची गाडी

आंधळगाव,
मंडईचे दिवस

ती. ईश्वरदादास,

धाकट्या मंदाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीने आणलेलं तेल लावतोस की बाटली उशाशी ठेवून बरं व्हायची वाट पाहतोस? इकडे सगळं ठीक. धान घरी आलं, रक्षा मजेत आहे, आणि हे (म्हणजे तुझे जवाई पुंडलिकराव) दोन दिवसांपासून पुन्हा जेवू लागले आहेत. मी फोनच करणार होते, पण फोनवर तू "हो, हो, बरं" म्हणून मधेच ठेवतोस, आणि ही हकिकत मधेच ठेवण्यासारखी नाही.

आम्ही गाडी घेतली. जुनी. झालं असं की रक्षासाठी दिघोरीचं स्थळ आलं. मुलगा योगेंद्र, घरची धानाची शेती, शिवाय लाखांदूरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. यांच्या डोक्यात बसलं की मुलाचं घर पाहायला एसटीने गेलो तर आपल्याला कोणी विचारणार नाही. म्हणून तुमसरला भैय्यालालच्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. काचेचं ऑफिस, आत गारेगार, बसल्याबरोबर थंडा. यांनी गाडी पाहिली ती बैल पाहतात तशी. भोवती फेरी मारली, पाठीवर थाप मारली, टायरला लाथ घातली. दात तेवढे पाहायचे राहिले. भैय्यालाल म्हणाला, "काकाजी, पहिली मालकीन डॉक्टरीनबाई होती. घर ते दवाखाना अन् दवाखाना ते घर. दुसरा रस्ता या गाडीनं पाह्यलाच नाई." स्टेअरिंगच्या बाजूला एक लाल बटण होतं. ते काय म्हणून रक्षाने विचारलं, तर म्हणे, "इमर्जन्सीचं हाय बेटा, हात नोको लावू." मग गाडीला हार घातला, यांच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली दिली आणि फोटो काढला. (फोटोत हे आमदारकीला उभे राहिल्यासारखे दिसतात.)

घरी येईस्तोवर एक काच दाराच्या पोटात पडली ती वर आलीच नाही, आणि थंड हवेच्या जाळीतून गरम हवा यायला लागली. हे म्हणाले, हिवाळा आहे, बरंच झालं. यांना गाडी चालवता येत नाही, हे मी तुला सांगायला विसरले. (घेताना तेही सांगायला विसरले होते.) चालवते रक्षा. तेव्हा ती स्वतः गाडी हाकत आपला होणारा नवरा पाहायला निघाली. माझ्या सासरच्या काही मंडळींना अजून ठसका लागतो आहे.

दिघोरीच्या तोंडाशीच शेळ्यांचा कळप आडवा आला. रक्षाने हॉर्न दाबला, हॉर्न मुका. शेळ्या आमच्याकडे पाहत रवंथ करू लागल्या. हे चिडून म्हणाले, "याच्याहून मोठी इमर्जन्सी कोनती?" आणि दाबलं लाल बटण.

दादा, बॉनेटखालून एका बाईने असा टाहो फोडला की शेळ्या थेट धानाच्या बांधीत. "रसिक मायबापहो! आज रात्री! आपल्याच गावात! रडवनारं, हासवनारं, तीन अंकी धमाकेदार नाटक, 'सवत आली ट्रॅक्टरवर'!" बटण पुन्हा दाबलं, तर आवाज वाढला. किल्ली काढून पाहिली, तरी बाई बोलतेच. रक्षा रडावं की हसावं या विचारात, हे डॅशबोर्डवर उशीसारखा हात ठेवून त्या बाईचं तोंड दाबताहेत, आणि मागे अख्खं गाव. मंडईचे दिवस, गावोगावी जत्रा आणि रात्रभर नाटकं, मग नाटकाला कोण नाही म्हणणार? आम्ही मुलाच्या अंगणात पोचलो तेव्हा बायकांनी जागा धरायला गोणपाटाचे बोरे अंथरलेसुद्धा.

मुलाचे काका दारातच उभे. "सोयरीक कराले आले का नाटक कराले?" यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. मला वाटलं, संपलं. पोरीला गावभर हसतील. तेवढ्यात मुलाची आजी, चंद्रभागाबाई, काठी टेकत आल्या, मला खालून वर न्याहाळलं आणि मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "सवत तुमी होय का?"

बॉनेट उघडेना. योगेंद्र नव्या पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला. रक्षाने पदर खोचला आणि तीही पाना घेऊन दुसऱ्या बाजूने शिरली. आम्ही वर उभे, खाली नुसते पाय, आणि खालून दोघांच्या हसण्याचा आवाज. बाई एकदाची गप्प झाली. दोघं बाहेर आली ती कोळशाच्या पोत्यासारखी. विचारायचं काही उरलंच नाही. काकासुद्धा म्हणाले, "चहा आना."

गर्दी मात्र हलेना. शेवटी हे ओट्यावर उभे राहिले, हात जोडून काहीतरी बोलले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवून बोरे उचलले.

परतताना तुमसरला भैय्यालालला गाठलं. लाजला असेल? छे. म्हणे, "एवढा भारी स्पीकर फुकटात देल्ला, थँक्यू त म्हना!" मी विचारलं, आणि तुझी डॉक्टरीनबाई? म्हणाला, "खोटं कायले बोलू? त्या नाटकात डॉक्टरीनचंच काम करत होत्या."

वहिनीला नमस्कार, गुड्डीला आशीर्वाद.

तुझी,
मंदा

ता. क. साखरपुडा दिघोरीलाच ठरला आहे, तुळशीच्या लग्नानंतर. तुम्ही सगळे आदल्या दिवशीच या.

ता. ता. क. हे ओट्यावरून काय बोलले ते मला वाटेत कळलं. साखरपुड्याच्या रात्री तेच नाटक दाखवतो, असा शब्द देऊन बसले आहेत. ती नाटक कंपनी कधीचीच मोडली. नाटकाची वही मिळाली, ट्रॅक्टर काकांचा आहे, नाटकातला नवरा हे होणार आहेत. सवतीचं काम करायला मात्र कोणी बाई तयार नाही. कॉलेजात तू नऊवारी नेसून स्टेजवर आलास की प्रिन्सिपॉल उठून उभे राहायचे, हे मी आजीबाईंना सांगून टाकलं आहे. त्या फार खूश आहेत. लुगडं मी आणते, ब्लाऊजचं माप वहिनीकडून मागवलं आहे. तू फक्त मिशी काढून ये.